लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांसाठी : थांबा कसा निवडावा, तिथे काय खावे आणि काय पाहून घ्यावे

भूक अनावर झाली की समोर दिसेल त्या ढाब्यावर गाडी वळवायची आणि डोळे मिटू लागले की रस्त्याच्या कडेलाच ती उभी करायची, या दोन सवयी लांब पल्ल्याच्या चालकाला फार महागात पडतात. भुकेल्या आणि झोपाळलेल्या माणसाला जागेची पारख करता येत नाही. तो मिळेल ते खातो आणि मिळेल तिथे आडवा होतो. म्हणून थांबा भूक लागण्याआधी ठरलेला असावा, ही या संपूर्ण लेखातली मुख्य सूचना आहे. डिझेल किती लागेल आणि टोल किती बसेल याचा हिशेब गाडी निघण्यापूर्वी होतो. कुठे जेवायचे, कुठे अंघोळ करायची आणि कुठे झोपायचे याचाही हिशेब त्याच वेळी व्हायला हवा. पुढील मजकूर महाराष्ट्रातून बाहेर जाणाऱ्या आणि महाराष्ट्रात माल घेऊन येणाऱ्या चालकांसाठी, त्यांच्या क्लीनरसाठी आणि एक-दोन गाड्या असलेल्या मालकांसाठी लिहिला आहे.

निघण्यापूर्वीचा हिशेब

थांबे किलोमीटरमध्ये मोजू नयेत, तासांत मोजावेत. भरलेली गाडी घाटात, टोलनाक्यावर आणि शहराच्या नो-एंट्रीत किती वेळ अडकेल हे नकाशावरच्या अंतरावरून कळत नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने सलग पाच तास काम झाल्यावर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि साधारणपणे दिवसाला आठ तास काम, असा दंडक घालून दिला होता. प्रत्यक्षात तो किती पाळला गेला हे या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तरीही पाच तासांची ती मर्यादा शरीराच्या दृष्टीने योग्यच आहे. माझ्या मते तर भरल्या गाडीने तीन-साडेतीन तासांनी खाली उतरून पाय मोकळे करावेत आणि पाच तासांच्या आत पूर्ण थांबा घ्यावा.

विश्रांती घेतली तर ई-वे बिलाची, म्हणजे मालाबरोबर असाव्या लागणाऱ्या ऑनलाइन वाहतूक-पत्राची, मुदत संपेल, अशी भीती अनेकांना वाटते. १ जानेवारी २०२१ पासून साधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी ही मुदत मिळते. म्हणजे हजार किलोमीटरच्या खेपेला पाच दिवस हाताशी असतात आणि त्यात रोजची सहा-सात तासांची झोप आरामात बसते. गाडी बिघडली किंवा रस्ता बंद झाला, तर मुदत संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास या काळात ती वाढवून घेता येते. ते काम ट्रान्सपोर्टच्या कार्यालयातून होत असल्याने चालकाने वेळेवर फोन करणे एवढेच त्याच्या हाती असते. बहुतेक घाई बिलाच्या मुदतीपेक्षा लवकर पोहोचण्याच्या बक्षिसामुळे होते, आणि त्याचा विचार मालकांनी करायचा आहे.

आता एक मार्ग जवळून पाहू. न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर घेऊन मुंबई–आग्रा महामार्गाने मध्य प्रदेशाकडे जायचे आहे. बंदरात आत-बाहेर होण्यात किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे बंदराच्या पार्किंगमध्ये रांगेत असतानाच पोटात काहीतरी गेलेले असावे आणि पाण्याचा कॅन भरलेला असावा. ठाणे आणि भिवंडीच्या कोंडीत ट्रेलर उभा करायला जागा मिळत नाही. भिवंडी सुटल्यावर शहापूरच्या आसपास पहिला थांबा घ्यावा, कारण त्यानंतर कसारा घाट आहे. चढताना इंजिन तापते आणि उतरताना ब्रेक तापतात, म्हणून नाशिककडे जाणाऱ्याने घाटाच्या अलीकडे शहापूर परिसरात आणि मुंबईकडे येणाऱ्याने इगतपुरी-घोटी परिसरात थांबून हवा, ब्रेक आणि स्वतःचे डोळे तपासून मगच घाटाला लागावे. नाशिक आणि पिंपळगाव बसवंतनंतर चांदवडजवळचा राहूड घाट, मग मालेगाव, धुळे, शिरपूर आणि पळासनेर लागते. पळासनेर सोडले की बिजासन घाट. रात्रीचा मोठा मुक्काम धुळे ते शिरपूर या टापूत घ्यावा, कारण तिथे ढाबे दाट आहेत, जागा प्रशस्त आहे आणि बिजासनचा घाट सकाळच्या उजेडात पार होतो. घाट पहाटे दोन ते पाच या वेळेत येत असेल, तर वेळापत्रक बदलावे आणि घाटाच्या अलीकडेच झोपून घ्यावे.

हीच रीत इतर मार्गांनाही लावता येते. पुणे–बंगळूर मार्गावर खंबाटकी घाटाच्या अलीकडे शिरवळ आणि पलीकडे सुरूर, पुढे कराड आणि मग कागल हे थांबे सोयीचे पडतात. पुणे–सोलापूर मार्ग सपाट आणि सरळ आहे, आणि नेमके त्यामुळेच तिथे झोप लवकर येते. इंदापूर, टेंभुर्णी किंवा मोहोळ येथे भूक नसली तरी उतरावे.

समृद्धी महामार्गाचा विचार वेगळा करावा लागतो. नागपूर ते भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. तो दोन्ही बाजूंनी बंद असल्याने गावातला ढाबेवाला रस्त्यालगत खाट टाकू शकत नाही; पंप आणि खाण्याची ठिकाणे ठरावीक जागीच आहेत, आणि हवे ते जेवण मिळवायचे तर इंटरचेंजवरून बाहेर पडून पुन्हा आत यावे लागते. टोल अंतरावर आकारला जात असल्याने असे बाहेर पडण्यात मोठे नुकसान होत नाही, पण वेळ मात्र जातो. या रस्त्यावर चढण्यापूर्वी दोन वेळचे खाणे आणि माणशी किमान चार-पाच लिटर पाणी केबिनमध्ये असावे. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात ते यापेक्षाही जास्त लागते. एकसारखा काँक्रीटचा रस्ता, वळण नाही, गाव नाही, सिग्नल नाही. अशा ठिकाणी मन सुस्तावते आणि चालकाला ते कळतही नाही. झोप आली तरी कडेच्या पट्ट्यावर गाडी उभी करू नये, राखीव थांब्यावर किंवा पंपावरच न्यावी.

थांबा ओळखताना आधी गाडीची जागा

चांगल्या जेवणाच्या लोभाने चुकीच्या जागी गाडी लावणाऱ्याला ते जेवण पचत नाही, कारण त्याचे अर्धे लक्ष बाहेर असते. म्हणून पहिली नजर पार्किंगवर टाकावी. रस्त्यावरून आत येण्याची आणि परत रस्त्याला लागण्याची वाट वेगवेगळी आहे का, गाडी मागे न घेता बाहेर काढता येईल का, जमीन मुरुमाची आणि घट्ट आहे का, हे पाहावे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पटांगणात रात्री उभा केलेला भरलेला ट्रक सकाळी क्रेन बोलावल्याशिवाय निघत नाही. डिव्हायडर फोडून केलेल्या वाटेने समोरच्या बाजूच्या ढाब्यावर जाण्याचा मोह टाळावा. आपल्याच बाजूला पुढे वीस किलोमीटरवर काहीतरी मिळते.

डिझेल टाकीची बाजू उजेडात आणि ढाब्याच्या गल्ल्यावरून दिसेल अशी ठेवावी. टाकीच्या झाकणाला कुलूप असावे. रात्री चोरी होते ती डिझेल, बॅटरी, स्टेपनी आणि ताडपत्रीची, आणि ती बहुधा दोन गाड्यांमधल्या अंधाऱ्या बोळातून होते. केबिन सोडण्यापूर्वी सीलचा आणि ताडपत्रीच्या दोरीच्या गाठींचा मोबाइलवर फोटो काढावा. सकाळी काही बदल दिसला तर तोंडी वाद घालण्यापेक्षा तो फोटो उपयोगी पडतो. रात्रपाळीचा राखणदार असलेल्या ठिकाणी त्याला स्वतः जाऊन भेटावे, कुठे जाणार आणि कधी निघणार हे मात्र त्याला किंवा शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी माणसाला सांगत बसू नये.

‘जिथे ट्रक जास्त, तिथे जेवण चांगले’ हा ठोकताळा बराच खरा आहे, तरी त्यावर पूर्ण विसंबू नये. शहराची नो-एंट्री सुटण्याची वाट पाहत उभ्या असलेल्या गाड्यांची गर्दी जेवणाबद्दल काहीच सांगत नाही. त्याऐवजी पासिंग, म्हणजे गाडी कोणत्या राज्यात नोंदलेली आहे ते, पाहावे. राजस्थान, पंजाब, तमिळनाडू, गुजरात आणि महाराष्ट्र अशा निरनिराळ्या पासिंगच्या गाड्या दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेल्यावरही थांबलेल्या दिसल्या, तर ते चालक मुद्दाम या ठिकाणी आले आहेत असे समजायला हरकत नाही.

ढाब्याखेरीज इतरही जागा आहेत आणि त्या अनेक चालकांना माहीत नसतात. तेल कंपन्यांच्या पंपांवर ‘अपना घर’ नावाची विश्रांतिगृहे सुरू झाली असून २०२५ पर्यंत देशभरात त्यांची संख्या तीनशेच्या पुढे गेली आहे. तिथे झोपण्यासाठी खाटा, अंघोळीची सोय, स्वच्छ शौचालय, पिण्याचे शुद्ध पाणी, जेवण आणि स्वतः स्वयंपाक करण्याची जागा असते. ‘अपना घर’ याच नावाच्या मोबाइल ॲपवरून खाट आधी राखून ठेवता येते. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या ‘राजमार्गयात्रा’ या ॲपवर पुढे कोणत्या सोयी आहेत ते दिसते. साध्या पंपावरही हवा, पिण्याचे पाणी, शौचालय आणि प्रथमोपचार पेटी या गोष्टी विनामूल्य देणे पंपचालकावर बंधनकारक आहे. तेव्हा शौचालयाला कुलूप दिसले तर किल्ली मागण्यात संकोच करू नये. द्रुतगती मार्गावरचे फूड मॉल मात्र मोटारीतल्या कुटुंबांसाठी उभारलेले असतात. तिथले दर खुराकीत, म्हणजे चालकाला मिळणाऱ्या जेवणखर्चात, बसत नाहीत, आणि ट्रकसाठी पार्किंग असले तरी बिछाना टाकायला जागा नसते.

जेवण : काय मागवावे आणि कधी मागवावे

ढाब्यात शिरल्यावर थेट खाटेवर न बसता आधी हात धुवायला जावे, कारण बहुतेक ठिकाणी हात धुण्याची जागा स्वयंपाकघराच्या शेजारीच असते आणि तिथून अर्धे चित्र दिसते. ताटे वाहत्या पाण्यात धुतली जातात की एकाच टबात बुचकळून काढली जातात, चिरलेला कांदा झाकलेला आहे की सकाळपासून उघडा पडून कडा सुकल्या आहेत, भटारखान्यातली मोरी वाहती आहे की तुंबलेली, दह्याच्या पातेल्यावर झाकण आहे का, एवढे पाहायला एक मिनिट पुरते. कढईतले तेल काळपट, फेसाळ आणि धुरकट असेल तर तिथली भजी, समोसा किंवा तळलेला पापड घेऊ नये. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात अपायकारक घटक वाढत जातात आणि त्यांची मर्यादा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २५ टक्के इतकी ठरवून दिली आहे. गल्ल्याजवळ लावलेला चौदा आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांकही पाहून घ्यावा.

नंतरचा प्रश्न वेळेचा आहे. दुपारी बारा ते दोन आणि रात्री आठ ते दहा या वेळांत ढाब्यावर माल खपत असतो, त्यामुळे जे येते ते ताजे असते. अवेळी, म्हणजे दुपारी चारला किंवा रात्री एकला पोहोचले, तर सकाळपासून शिजवून ठेवलेला भात, पनीरच्या भाज्या आणि मटण टाळावे. विशेषतः भात शिजल्यावर तासन्‌तास कोमट राहिला तर त्यात जंतू वाढतात, आणि तो पुन्हा गरम केला तरी त्यांनी सोडलेले विष जात नाही. ‘फ्राइड राइस’च्या नावाखाली बहुधा हाच भात समोर येतो. अवेळी नेहमी तुमच्यासमोर नव्याने होणारा पदार्थ मागवावा. अंडाभुर्जी, ऑम्लेट, आलू पराठा, तव्यावरची भाकरी आणि पिठले हे सर्वांत भरवशाचे. पिठल्याची फोडणी पडताना कानावर येते, बेसन पाण्यात कालवलेले समोर दिसते, पाच-सात मिनिटांत ते रटरटू लागते आणि वाफाळत ताटात येते. इतक्या थोड्या वेळात शिळेपणाला वावच राहत नाही. डाळ मागवायची तर ‘तडका’ ताजा असला तरी आतली डाळ कधीची आहे ते विचारावे. डाळ शिळी होऊ लागली की वरचा थर घट्ट होतो आणि आंबूस वास येतो. तो जिऱ्या-लसणाच्या फोडणीखाली झाकला जातो, म्हणून पहिला घास नुसत्या डाळीचा घ्यावा.

प्रदेशाप्रमाणे जेवण बदलते आणि त्याचा आनंद घ्यायलाच हवा, पण कोणता पदार्थ कोणत्या वेळी हे ठरवावे. धुळे-जळगावकडची शेवभाजी उत्तम असते, मात्र तिची तर्री आणि शेव दोन्ही तेलाची असल्याने ती मुक्कामाच्या ठिकाणी, पुढे गाडी चालवायची नसताना खावी. नागपूरकडच्या सावजी रश्श्याचे आणि कोल्हापूरकडच्या तांबड्या रश्श्याचेही तेच. गाडी चालवायच्या मधल्या थांब्यावर पोट दोन-तृतीयांश भरेल इतकेच, म्हणजे दोन पोळ्या किंवा एक भाकरी, डाळ, एखादी सुकी भाजी, काकडी आणि ताक एवढे जेवावे. खानदेशात कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत मिळते, सोलापूरच्या बाजूला ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मिळते. ही दोन्ही जेवणे पोटाला जड होत नाहीत आणि भूकही लवकर लागू देत नाहीत. गुजरातेत शिरल्यावर रात्री उशिरा कढी-खिचडीसारखे दुसरे काही नाही.

‘अनलिमिटेड थाळी’ हा चालकासाठी वाईट सौदा आहे. पैसे वसूल करण्याच्या नादात दुपटीने खाल्ले जाते आणि तासाभरात डोळ्यांवर झापड येते. त्यापेक्षा एक भाजी हाफ घेऊन क्लीनरबरोबर वाटून खावी. दर खाटेवर बसण्याआधीच विचारावा. फलकावर नसलेल्या ‘स्पेशल’ भाजीचा भाव बिलात कळल्यावर वाद होतो. चहा जेवणाला लागूनच न घेता निघण्याच्या वेळी घ्यावा.

ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे, अशा चालकांची संख्या आपण समजतो त्यापेक्षा मोठी आहे आणि त्यातले कित्येक जण नोकरी जाईल या भीतीने ते लपवतात. मधुमेहाची गोळी घेऊन जेवण लांबवणे अत्यंत धोकादायक आहे. साखर एकदम खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात आणि समोरचे दिसणे अंधुक होते, आणि हे स्टिअरिंगवर असताना घडू शकते. अशा चालकाने खिशात साखरेच्या पुड्या किंवा गूळ ठेवावा, तशी चिन्हे जाणवताच गाडी सुरक्षित जागी थांबवून तो खावा आणि बरे वाटल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी जेवून मगच पुढे निघावे. क्लीनरला आजाराची आणि गोळ्यांच्या जागेची माहिती असली पाहिजे.

पाणी, अंघोळ आणि शौचालय

वारंवार उतरावे लागू नये म्हणून पाणीच कमी पिण्याची सवय चालकांमध्ये सर्रास आढळते आणि मूतखड्याचे दुखणे त्यातूनच वाढते. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला की पाणी कमी पडते आहे असे समजावे. ढाब्यावरच्या जगमधले पाणी बोअरचे की टँकरचे हे विचारून, आरओचे यंत्र चालू असेल तर तिथूनच स्वतःचा कॅन भरावा. जुलाब सुरू झाले तर मेडिकल दुकान सापडेपर्यंत थांबू नये. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट प्यावे. मिठाचे प्रमाण वाढवू नये. जुलाबात रक्त दिसले किंवा ताप आला तर गाडी पुढे नेऊ नये, डॉक्टरकडे जावे.

अंघोळीची सोय बहुतेक ढाब्यांवर उघड्या हौदाची असते. जेवणाऱ्या चालकाकडून तिचे वेगळे पैसे सहसा घेतले जात नाहीत. हौदात बादली किंवा साबणाचा हात बुडवू नये, नळाखालीच अंघोळ करावी. तासन्‌तास तापलेल्या सीटवर बसल्याने मांड्यांच्या खोबणीत आणि कमरेला घाम साचतो आणि नायटा होतो. टॉवेल वाटून घेतल्याने तो केबिनमधल्या दोघांनाही होतो. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा असावा, अंग पूर्ण कोरडे करूनच सुती कपडे घालावेत आणि ओले कपडे केबिनच्या आत न वाळवता बाहेर उन्हात वाळवावेत. नायट्यावर मिळेल ते मलम चोळू नये. त्यातली कित्येक मलमे सुरुवातीला खाज घालवतात आणि नंतर तो पसरवतात.

शौचालयाबाबत एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. चालकाबरोबर कधी कुटुंब असते, आणि आता संख्येने कमी असल्या तरी महिला चालकही या रस्त्यांवर आहेत. आतून कडी लागणारे, दिवा असलेले आणि पाणी असलेले स्त्रियांचे शौचालय ज्या ढाब्यावर आहे, त्याच ढाब्यावर थांबण्याचा नियम सर्वांनीच केला, तर बाकीच्या ढाबेवाल्यांना ते बांधावेच लागेल.

झोप

पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळी शरीर आपणहून झोप मागते. खिडकी उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तंबाखूचा बार भरणे यांनी ती हटत नाही, केवळ काही मिनिटे पुढे ढकलली जाते. गेल्या दोन किलोमीटरमधले काही आठवत नसेल किंवा गाडी पट्टा सोडू लागली असेल, तर पहिल्या सुरक्षित जागी थांबावे. एक कप चहा किंवा कॉफी घेऊन लगेच वीस मिनिटांचा गजर लावून झोपावे. चहाचा अंमल चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठल्यावर दोन्हींचा फायदा मिळतो. उठल्यावर लगेच चावी फिरवू नये. दहा मिनिटे चालावे, तोंड धुवावे, टायर ठोकून पाहावेत. हा उपाय जवळचे मुक्कामाचे ठिकाण गाठण्यापुरता आहे, त्यावर सबंध रात्र काढू नये.

रात्रीच्या झोपेसाठी उन्हाळ्यात ढाब्याची खाट केबिनपेक्षा बरी, मात्र मोबाइल, पैसे आणि बिल्टी (मालाची वाहतूक-पावती) अंगावर किंवा कुलपात असावी. दोघांपैकी एकाने केबिनमध्येच झोपावे. २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे, पण रस्त्यावरच्या बहुसंख्य गाड्या अजून जुन्या आहेत. बंद केबिनमध्ये इंजिन चालू ठेवून झोपू नये. एक्झॉस्ट गळत असेल तर वास न येणारा विषारी वायू आत साचतो. डासांसाठी केबिनमध्ये कासवछाप अगरबत्ती पेटवण्यापेक्षा खिडक्यांना जाळी लावून घ्यावी. ती कोणताही कुशनवाला शिवून देतो.

झोप लागावी म्हणून दोन घोट घेणारे पुष्कळ आहेत. दारूने डोळा लवकर लागतो पण झोप मोडत राहते, आणि पहाटे निघताना रक्तात ती शिल्लक असू शकते; कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम एवढीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गालगतच्या दारूविक्रीवर निर्बंध आणले, तरी चोरून विकणारे ढाबे आहेत. अशा ठिकाणी भांडणे आणि चोऱ्याही जास्त होतात, एवढ्या एका कारणासाठीही ते टाळावेत. जागे राहण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्या आणि अफूचा भुगा यांना तर हातही लावू नये.

स्वतःचा स्वयंपाक

तमिळनाडू आणि आंध्रच्या गाड्यांजवळ सकाळी स्टोव्हवर भात-सांबार शिजताना दिसते, आणि त्यांचा खर्च व पोटाच्या तक्रारी दोन्ही कमी असतात. मराठी चालकांनी ही सवय जरूर उचलावी. तीन लिटरचा कुकर, एक तवा, पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि घट्ट झाकणाचे चार डबे एवढे सामान बाजूच्या पेटीत मावते. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, हळद, मीठ आणि चार-साडेचार वाट्या पाणी घालून मध्यम आचेवर तीन शिट्ट्या घेतल्या की दोघांचे जेवण अर्ध्या तासात होते. वरून घरचे मेतकूट किंवा शेंगदाण्याची चटणी घ्यावी. घरून निघताना दशम्या किंवा धपाटे नेले तर एक-दोन दिवस टिकतात. फुटाणे, गूळ, शेंगदाणे आणि राजगिऱ्याचे लाडू केबिनमध्ये कायम असावेत.

शेगडी केबिनमध्ये कधीही पेटवू नये. गाडीच्या खाली, डिझेल टाकीच्या बाजूला किंवा ताडपत्रीच्या आडोशालाही नको. मोकळ्या जमिनीवर, वारा पाठीशी घेऊन, गाडीपासून दहा-पंधरा पावले लांब ती मांडावी. पंपाच्या आवारात फक्त नेमून दिलेल्या स्वयंपाकघरातच शिजवावे. पेट्रोल, गॅस किंवा रसायनांचा टँकर चालवणाऱ्याने, आणि अशा टँकरच्या शेजारी गाडी लागलेल्या प्रत्येकाने, विस्तवाचा विचारही करू नये.

मालकाने करायच्या गोष्टी आणि तक्रार

खुराकी आणि पार्किंगचा खर्च एकाच उक्त्या रकमेत दिला, तर चालक साहजिकच पार्किंगचे पैसे वाचवतो आणि गाडी अंधारात लावतो. पार्किंगची पावती वेगळी भरून द्यावी. खुराकी ठरवताना मालकाने त्या मार्गावर स्वतः एकदा जेवून पाहावे. लवकर पोहोचण्याचे बक्षीस बंद करून डिझेलचा ॲव्हरेज आणि विनाअपघात खेप यांवर बक्षीस द्यावे. चालकाची वर्षातून एकदा डोळे, साखर आणि रक्तदाब यांची तपासणी मालकाच्या खर्चाने व्हावी आणि दोष आढळला तर चष्मा आणि औषध मिळावे, नोकरी जाऊ नये.

राष्ट्रीय महामार्गावर अडचण आल्यास १०३३ या क्रमांकावर, आणि जिवाचा प्रश्न असेल तर ११२ वर फोन करावा. किलोमीटरचा दगड पाहून ठेवला असेल तर मदत लवकर पोहोचते. पंपावर शौचालय किंवा पाणी नाकारले तर तक्रारवही मागावी आणि तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक लिहून पानाचा फोटो काढावा. खराब अन्नाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करताना बिल लागते. १ जानेवारी २०२२ पासून त्यावर परवाना किंवा नोंदणी क्रमांक छापणे बंधनकारक आहे, तेव्हा छापील बिल मागण्याची सवय ठेवावी.

प्रत्येक गाडीत एक साधी वही ठेवावी. तिच्यात थांब्याचे नाव, कोणत्या बाजूला, कोणत्या किलोमीटरवर, ट्रेलर वळतो की नाही, रात्री राखणदार असतो का, पाणी कसे, काय चांगले मिळते आणि काय घेऊ नये, एवढे प्रत्येक खेपेला लिहावे. ढाब्याचा आचारी बदलला की चव आणि स्वच्छता दोन्ही बदलतात, म्हणून नोंदीपुढे महिना आणि वर्ष हवे. चालक बदलला तर ही वही कागदपत्रांच्या पिशवीबरोबर नव्या चालकाच्या हाती द्यावी.